बसवला नाय तोवर माल

कुंदे,

तुझं सुतक मला लागलं नाही. तुझ्या त्या चुलत दिरांना लागलं, ज्यांच्याशी तू बांधावरून कित्येक वर्षं बोलत नव्हतीस. त्यांच्या मुंबईच्या सुनांना लागलं, ज्यांनी तुला फार तर एखाद्या लग्नात बघितलं असेल. त्या सगळ्यांना दहा दिवस. आणि मी, जिने तुझ्या शेजारी एका बाकावर बसून पेणची सगळी शाळा काढली, मला घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली की संपलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. देवापुढे दिवा लावला, गल्ल्याला उदबत्ती ओवाळली आणि एका बाईला वॉशिंग मशीन वरून उघडणारं चांगलं की पुढून उघडणारं, ते समजावत उभी राहिले. समजावता समजावता रडू आलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "वहिनी, राहू द्या, राहू द्या, मी वरचंच घेते."

हे तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. "मी मेले आणि मशीन खपली तुझी!" असं म्हणाली असतीस, आणि पुढचे सहा महिने भेटेल त्याला सांगत सुटली असतीस. तुझं तोंड म्हणजे फाटका तंबोरा, हे तुझी सासूसुद्धा म्हणायची. मला ते तोंड आता कुठेच ऐकू येत नाही, आणि मला ते सहन होत नाही. हे सरळ सांगते, कारण तू असताना असलं काही बोलले असते तर तू मला वेड्यात काढलं असतंस.

आपण दोघी रामवाडीच्या. हायवेच्या कडेला तुमचं घर आणि त्यामागे आमचं. तू लग्न होऊन हमरापूरला गेलीस, गणपतीच्या कारखान्यात. मी रोह्याला आले, दुकानात. तेव्हा आमच्या दुकानात पंखे आणि रेडिओ असायचे. मग टीव्ही आले, फ्रीज आले, आणि वरसे गावाकडे इमारती उभ्या राहायला लागल्यावर सोफेही आले. कंपनीत शिफ्ट करणारी जोडपी येतात, सगळं घर एका दुपारी घेऊन जातात. तुझ्याकडेही साच्यांची संख्या वाढली, रंगाला पिचकारी जाऊन मशीन आली. नवरा गेल्यावर सगळा कारखाना तू एकटीने ओढलास. आपण दोघीही विकायलाच बसलो होतो, हे तूच पहिल्यांदा बोलून दाखवलंस.

पहिल्यांदा मी तुझ्या कारखान्यात आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. रांगेने गणपती मांडलेले, पांढरेशुभ्र, अजून रंग न लागलेले. मी चपला बाहेर काढून हात जोडून आत शिरले, आणि तू फोनवर कुणावर तरी ओरडत होतीस, "माल सुकला नाय अजून! ओला माल देऊ काय तुला? वाटेत हात तुटला का बोंब मारशील." मला एकदम कसंतरी झालं. म्हटलं, "अगो, माल काय म्हणतेस? जीभ झडेल." तू फोन ठेवलास आणि म्हणालीस, "बसवला नाय तोवर मालच तो. चपला घाल आधी, खाली खिळे पडलेत."

तिथपासून हे भांडण आपण किती प्रकारे केलं! माझं म्हणणं एकच होतं. लोकांच्या आयुष्यातून देव हळूहळू उठून चाललाय आणि त्याच्या जागेवर माझं दुकान येऊन बसलंय. मी हे दुकानाच्या काउंटरवरून बघतेय, गं. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा, धनत्रयोदशी. पूर्वी या दिवसांना देवासाठी काहीतरी करायचं असायचं, आता घ्यायचं असतं. मुहूर्त विचारायला लोक भटजींना फोन करत नाहीत, मला करतात, "वहिनी, ऑफर कधीपासून?" दुकानात येताना चपला बाहेर काढतात, मी सांगत नाही तरी. एसीच्या गारव्यात हळू बोलतात. मोठ्या टीव्हीसमोर उभे राहतात तेव्हा लहान मुलांचे हात धरून ठेवतात. आणि फ्रीज घरी पोचला की त्याला हळदकुंकू, पाच पानं, वर नारळ. आमचा टेम्पोवाला सांगतो, एका घरी तर त्याच्या हातातसुद्धा प्रसाद ठेवला. बरं, एवढं करून आनंद किती टिकतो? हप्ते फिटायच्या आधी तो संपलेला असतो, आणि तीच माणसं पुढच्या दसऱ्याला परत दारात उभी असतात, आता काहीतरी मोठं बघू म्हणून.

हे सगळं तुला सांगायचे तेव्हा तू मान डोलवायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "मग बंद कर दुकान."

एका दसऱ्याला तू मिक्सर घ्यायला रोह्याला आलीस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दारावर भला मोठा बॅनर, जुना द्या, नवा घेऊन जा. तो वाचून तू भर गर्दीत मोठ्याने म्हणालीस, "लते, ही तर माझी स्कीम हाय! जुना पाण्यात सोडा, नवा घेऊन जा. आमची तर कधीपासनं चालू हाय." सगळी गिऱ्हाइकं हसली. आमचे हे सुद्धा हसले. मला मात्र राग आला, आणि तो राग मिक्सर बांधून देताना तुला दिसला असावा, कारण बाहेर पडल्यावर तू माझा दंड धरलास. "रागवू नको गो. मागणारा तोच हाय. आधी वर बघून मागायचा, आता काचेत बघून मागतो. आणि देवाला तरी फुकट भेटतात काय लोक? नवस म्हणजे हप्ताच तो." मी म्हटलं, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू म्हणालीस, मग चहा तरी पाज.

तेव्हा मला वाटायचं, कुंदाला विश्वास म्हणून काही नाहीच. देव घडवून घडवून हात निबर होतात तसं मनही होत असेल. मग दोन गोष्टी घडल्या, एकाच वर्षी, तुझ्या कारखान्याच्या दारात. हरतालिकेच्या दिवशी मी आमचा गणपती न्यायला आले होते. पेणची एक बाई आदल्या दिवशी नेलेली मूर्ती परत घेऊन आली. मखरात मावत नाही म्हणाली, मुकुट वर टेकतो. मला वाटलं आता तू तिला फाडून खाणार. तू शांतपणे विचारलंस, "बसवला नाय ना?" ती नाही म्हणाली. "मग ठेव तिकडे. माल हाय, बदलून ने." ती खूश होऊन लहान मूर्ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी, ऐन चतुर्थीला, दुपारी तुझा फोन आला, आणि तू इतकी संतापलेली होतीस की आधी मला काही कळेचना. कुणी एक माणूस पूजा झालेली, प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती घेऊन गाडीतून आला होता. शेजाऱ्याकडचा गणपती जास्त छान दिसतो, तसा द्या म्हणाला, वरचे पैसे देतो. "मी काय म्हटलं सांगू त्याला? म्हटलं, आता तो पाहुणा हाय तुझा. जेवायला बसलेल्या पाहुण्याला उठवून दुसरा मागतात काय रे? जा, घेऊन जा आणि माफी माग त्याची." फोनवर तुझा आवाज कापत होता. मी म्हटलं, "अगो, काल तर माल होता." तू म्हणालीस, "काल होता. आज नाय."

त्या दिवशीही मी हरले असं कबूल केलं नाही. तशी तूही कुठे कबूल करायचीस? चतुर्थीच्या दुपारी कारखाना रिकामा झाल्यावर तू तिथेच एकटी बसून राहायचीस, हे तुझी सून अश्विनी मला सांगायची. मी एकदा विचारलं, काय करतेस तिथे बसून? म्हणालीस, "एवढे सगळे एकदम निघून गेले का जीव घाबरा होतो." मी संधी सोडते होय? म्हटलं, "माल खपला म्हणून?" तू मला म्हणालीस, "गप बस गो." इतक्या भांडणात तू मला गप बस म्हणालीस ते फक्त एकदाच.

यंदाच्या श्रावणात पाट घेऊन आले ती आपली शेवटची भेट. आमच्या घरचा पाट म्हणजे सासऱ्यांच्या वेळचा, खालच्या बाजूला त्यांचं नाव रंगवलेला. दर श्रावणात तो तुझ्याकडे यायचा, वर नारळ, सुपारी आणि मूठभर तांदूळ. ज्याचा पाट आला त्याचा गणपती ठरला, अशी रीत. पूर्वी तुझ्या भिंतीला असे पाट छपरापर्यंत लावलेले असत. या वेळी एकाच कोपऱ्यात होते. मी म्हटलं, बाकीचे कुठे गेले? तू फोन पुढे केलास. त्यात लोकांनी पाठवलेले फोटो. कुणी पडद्याचा, कुणी भिंतीच्या रंगाचा, आणि एकाने तर चक्क सोफ्याचा. सोफा आमच्या दुकानातला होता. त्याला जुळेल असा पिस्ता रंगाचा पितांबर हवा होता.

मला आता शेवटचा हुकमी पत्ता मिळाला असं वाटलं. म्हटलं, "बघ. हा माणूस देव नेत नाहीये, सोफ्याचं सामान नेतोय. आता तरी पटलं?" तू पाटावरचे तांदूळ गोळा करत होतीस. म्हणालीस, "पूर्वी नव्हते काय असले? पाटलाला पाटलाएवढा गणपती लागायचा." मी चिडून म्हटलं, "म्हणजे तुझ्या मते देव आणि फ्रीज एकच? तूही विकतेस, मीही विकते, काही फरकच नाही?" तू माझ्याकडे बघितलंस. चेष्टेचं बघणं नव्हतं ते. म्हणालीस, "फरक हाय. सांगते. हे हात धुऊन येते, मग नीट सांगते." तू मोरीकडे गेलीस, तेवढ्यात बाहेर ट्रक लागला, माल भरायला माणसं आली, तू ओल्या हातानेच तिकडे धावलीस. मला एसटी गाठायची होती. मी लांबूनच ओरडले, "राहिलं गो तुझं उत्तर!" तू हात हलवलास, म्हणजे जा आता, नंतर.

त्यानंतर अश्विनीचा फोन. कारखान्यातच घेरी आली, पेणच्या दवाखान्यात नेलं, पनवेलला हलवताना वाटेतच सगळं संपलं. तुला हे सांगायची गरज नाही म्हणून मी एवढ्यातच आटोपते. मला त्या दिवसाचं जास्त काही लिहवतही नाही.

चतुर्थी तुझ्या सुतकातच आली. लांबचा माल आधीच गेला होता. राहिले होते ते पाटाचे, आजूबाजूच्या गावांतल्या घरांचे. त्यांच्या डोळ्यांची आखणी तू स्वतःच्या हाताने करून ठेवली होतीस, अश्विनी सांगत होती, या वर्षी कधी नव्हे ती लवकर. हरतालिकेच्या सकाळी तिचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "मावशी, पाटवाले येतात, दारातनं बघतात आणि परत जातात. सुतकाच्या घरचा गणपती कसा न्यायचा म्हणतात. आणि नाय नेला तर आजच्या आज दुसरीकडे मिळणार कुठं? काही तर रडत गेले."

मी आमचा फ्रीज पोचवायचा टेम्पो घेऊन निघाले. त्याच टेम्पोतून दर वर्षी आमचा गणपती यायचा, खाली फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल घालून, आणि दर वर्षी तू म्हणायचीस, याच्यावर वॉरंटी किती लिहिलीय बघ. पोचले तर कारखान्यासमोर रस्त्यावर माणसं उभी. आत कुणी नाही. आतमध्ये गणपती आपापल्या पाटांवर, चेहऱ्यावर रुमाल न घातलेले, सगळे रस्त्याकडे बघत. तुझा मुलगा मुकेश ओटीवर बसलेला. मला म्हणाला, "मावशी, मी हात लावला तर नेणार नाहीत, आणि नाय लावला तरी नेत नाहीत." लोकांनी भटजींना फोन लावून झाले होते. दोन भटजींनी तीन उत्तरं दिली होती. एकाने चालेल म्हणून सांगितलं, दुसऱ्याने नाही, आणि पहिल्याने परत फोन करून, शक्यतो नको.

सगळ्यांच्या पुढे एक म्हातारे उभे होते. खाडीकडच्या गावचे, मिठागरावर जन्म काढलेले. त्यांचा पाट तुझ्या सासऱ्यांच्या काळापासून इथेच येतो. ते मला म्हणाले, "बाय, आम्हाला काय कुंदाचा विटाळ नाय. पण देव हाय. सुतकातला देव घरात न्यायचा कसा, तू सांग."

मी काय सांगणार होते, कुंदे? इतकी वर्षं तुझ्याशी भांडून मी जे म्हणत होते तेच तर ते म्हातारे म्हणत होते. तुझ्या हाताखाली असतानाच तो देव असतो, म्हणून मी चपला काढून आत यायचे, म्हणून मला माल हा शब्द टोचायचा. माझं खरं मानलं तर त्या मूर्तींना सुतक होतं आणि ती सगळी घरं यंदा रिकामी राहणार होती. पाटावरचे डोळे उघडे ठेवून तुझी शेवटची मेहनत तिथेच बसून राहणार होती. तुझं खरं मानलं तरच ते दारातून बाहेर पडू शकत होते. मला तिथे उभं राहून एक ठरवायचं होतं.

मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, हा देव नाय. माल हाय."

कुणीतरी बाई "अगो, काय बोलते ही" म्हणाली. मी बोलतच सुटले. त्या मखरात न मावलेल्या गणपतीची गोष्ट सांगितली, आणि त्या पूजा झालेल्या गणपतीचीही. म्हटलं, कुंदा सांगून गेलीय, बसवला नाय तोवर माल. मालाला सुतक नसतं. घरी न्या, पूजा करा, मंत्र म्हणा, मग देव. तुमच्या घरात सुतक आहे का? नाही ना? मग देव तुमच्या घरात होणार आहे, इथे नाही. आणि हात लावायचं म्हणाल तर घरच्या कुणी लावायला नको, मी देते काढून. मला सुतक नाही. हे शेवटचं म्हणताना माझा आवाज फुटला. आठवडाभर जे मला डाचत होतं तेच त्या वेळी उपयोगी पडलं.

म्हातारे म्हणाले, "कुंदा अशीच बोलायची. तोंडाची फटकळ." आणि चपला काढून आत आले. मी त्यांचा पाट उचलून दिला, त्यांनी खांद्यावरचा टॉवेल मूर्तीच्या तोंडावर घातला. "माल म्हणून नेतो," म्हणाले, "घरी गेल्यावर बघतो त्याच्याकडे." आणि उंबरा ओलांडताना सवयीने त्यांच्या तोंडून मोरया गेलंच. ते ऐकून बाकीचेही आत आले. मी पाट उलटून नावं वाचत होते, देत होते. परत गेलेल्यांना फोन केले, तेही आले. माझी जीभ झडली नाही, गो. एवढं मात्र तुला कळवते.

आमचाही टेम्पोत ठेवून झाला आणि दुपारनंतर एकच उरला. तुझ्या घरचा. सगळ्यांच्या मूर्तींची उरलेली शाडू माती एकत्र मळून तू तो शेवटी करायचीस, हातभर सुद्धा नाही, ना खडे ना झालर. तुमच्याकडे या वर्षी बसणार नव्हता. अश्विनी लांबूनच त्याच्याकडे बघत उभी होती आणि मी काही बोलायच्या आत माझा फोन वाजला.

वरसेहून स्नेहल होती. नवीन इमारतीत राहते, नवरा कंपनीत. वर्षभरापूर्वी तिने अख्खं घर आमच्याकडून घेतलं. हुंदके देत बोलत होती. तिने गणपती मोबाइलवरून मागवला होता, मखर, माळा, दिवे सगळं एकाच रंगात. खोकं उघडलं तर हात तुटलेला. भंगलेली मूर्ती बसवता येत नाही, हे तिला आईने फोनवर सांगितलं. तिने मागवलं तिथे तक्रार केली तर उत्तर आलं, बदलून देऊ, आठवडाभरात पाठवतो. "काकू, बाप्पा उद्या आहे ना," मला म्हणाली. "आमचा पहिलाच आहे. कुणाला विचारू कळेना. फ्रीजवर तुमच्या दुकानाचं स्टिकर होतं, म्हणून लावला." संकटात लोक कुणाचा धावा करतात बघ. मी मनात म्हटलं, कुंदे, हे तरी ऐकायला हवं होतंस.

मी अश्विनीकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती तुझी सून शोभते. डोळे पुसून म्हणाली, "द्या मावशी. बसवला नाय तोवर माल. आईंना पडून राहिलेला माल आवडायचा नाय." पाट मात्र घरचा, तो ठेवून घेतला. स्नेहल आणि तिचा नवरा संध्याकाळच्या आत गाडी घेऊन आले. तिला दोन फुटी, मखराला जुळणाऱ्या रंगाचा हवा होता. समोर तुझा तो मातकट, साधा गणपती. मला वाटलं आता नाक मुरडते. ती जवळ जाऊन बसली आणि त्याचे डोळे बघत राहिली. मग तिने त्या तुटलेल्या मूर्तीच्या, सोबत आणलेल्या खोक्यात, त्यातलेच फुगेवाले कागद भोवती गुंडाळून त्याला ठेवलं आणि खोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. तुझा देव असा मोबाइलवरून मागवलेल्या खोक्यातून रोह्याला गेला. मागे राहिला तुझा रिकामा पाट, तो अश्विनीने पुसून भिंतीला लावला.

आमचा दीड दिवसाचा. विसर्जन करून आले आणि दुसऱ्या दिवशी स्नेहलकडे गेले, तिचा पाच दिवसांचा होता. हॉलमध्ये आमचाच सोफा, आमचाच टीव्ही. टीव्हीच्या खाली मखर, रंगीत दिवे, आणि मध्ये एका चौरंगावर तुझा गणपती. तिने उकडीचे मोदक केले होते, सगळे फुटलेले, पण केले होते. टीव्ही बंद होता. नवरा सकाळपासून दुर्वा निवडत होता म्हणे, आणि कंपनीतून सुट्टी घेतली होती त्याने. मी नेहमीसारखी नजर फिरवली, काय काय आपलं आहे ते बघायला. धंद्याची सवय, जात नाही. आणि मग त्याच्याकडे बघितलं. तीनच दिवसांपूर्वी माझ्याच हाताने काढून दिलेला, माल माल म्हणून. मी हात जोडले आणि मला तिथे माल दिसेना. किती प्रयत्न केला तरी दिसेना, कुंदे. मला तूही दिसलीस आणि तोही दिसला, आणि मी त्या परक्या पोरीच्या हॉलमध्ये ढसाढसा रडले.

तिने पाणी आणून दिलं. मग जरा वेळाने, मी सावरले आहे असं बघून, लाजत म्हणाली, "काकू, त्या कारखान्यात सगळ्यांचे पाट होते ना, मागे नाव लिहिलेले? आमचा पाट नाही. पुढच्या श्रावणात द्यायला हवा ना? कुठे मिळतो तो? तुमच्या दुकानात ठेवता का?"

आमच्या दुकानात पाट कधीच नव्हता. मी तिला म्हटलं, "हो, मिळेल की."

दुकानात परत येईपर्यंत पाटांची जागासुद्धा ठरवून झाली होती, दाराजवळच्या फ्रीजशेजारी, आल्या आल्या दिसेल अशी. ते हो माझ्यातल्या दुकानदारणीने म्हटलं की तुझ्या मैत्रिणीने, ते मला अजून कळलेलं नाही. ते सांगायला तू हवी होतीस. तू हात धुऊन येणार होतीस, गो.